"अल्फा कितला नंबरवर शे?"

खान्देशात अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्रीकडच्या खेड्यांत साठी ओलांडलेल्या आयाबाया आजही रिमोट नातवाच्या हातात देत अहिराणीत असंच विचारतात, म्हणजे अल्फा कितव्या नंबरवर आहे. रावेर-यावलच्या लेवा बोलीत वाक्य जरा वेगळं होतं, पण 'अल्फा' तेच. अल्फा मराठी हे नाव पडद्यावरून जाऊन वीस वर्षं उलटली. नातवाने ते कधी पाहिलेलंही नसतं. तरी तो झी मराठी लावून देतो आणि दोघांचंही काही अडत नाही.

टीव्ही चॅनलची ओळख कशी घडते हे समजून घ्यायला मला या प्रश्नाइतकी चांगली सुरुवात दुसरी दिसत नाही. नाव, रंग, कोपऱ्यातली खूण, सूर, घोषवाक्य हे सगळं मुंबईत ठरतं. त्यावर महिनोन्महिने खपणारी हुशार माणसं तिथे असतात. पण ती ओळख रुजते किंवा विस्कटते ती वायरीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे धाब्याच्या घराच्या गच्चीवर, खांबावरच्या पत्र्याच्या डब्यात, नाहीतर स्वयंपाकघरात ऐकू येणाऱ्या सुरात. खान्देशातलं ऊन, इथली काळी माती, इथली वीज आणि इथली बोली यांनी या ओळखीची कसून परीक्षा घेतली आहे.

झी टीव्ही सुरू झालं २ ऑक्टोबर १९९२ ला. त्याच्या बरोबर वीस वर्षं आधी, २ ऑक्टोबर १९७२ ला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं. दूरदर्शनची खूण तोवर घराघरात रुजलेली होती. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या देबाशिष भट्टाचार्य यांनी आखलेली ती दोन वळणं आणि मधला गोल, सोबत पंडित रविशंकरांची धून. १९७६ पासून तेच. समोर दुसरं कुणी नसताना खूण रुजवणं सोपं असतं. झीला मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांच्या शेजारी उभं राहून 'हे मी' असं सांगायचं होतं, आणि सांगायचं होतं कुठून, तर विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवरून.

ज्या उपग्रहावरून झी आलं त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एशियासॅट-१ हा मुळात 'वेस्टार-६' नावाचा अमेरिकी उपग्रह. फेब्रुवारी १९८४ मध्ये स्पेस शटलमधून सोडल्यावर त्याची मोटर नीट चालली नाही आणि तो चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'डिस्कव्हरी'च्या अंतराळवीरांनी त्याला पकडून परत जमिनीवर आणलं. दुरुस्त होऊन, नवं नाव घेऊन एप्रिल १९९० मध्ये तो चीनच्या लाँग मार्च रॉकेटने पुन्हा वर गेला. हिंदीतल्या पहिल्या खासगी उपग्रह वाहिनीचा पाया हा असा डागडुजी केलेला. खेड्यातल्या मेकॅनिकला हे सांगितलं तर त्याला ते आवडतं.

एशियासॅट १०५.५ अंश पूर्वेला होता. जळगावहून त्याच्याकडे तोंड करायचं तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२२ अंश, म्हणजे आग्नेयेच्याही जरा पूर्वेला, आणि क्षितिजापासून ४८ अंश वर. बारा फुटी जाळीची डिश असायची. या उपग्रहाचा सिग्नल ज्या पट्ट्यात यायचा त्या सी-बँडची तरंगलांबी साडेसात सेंटीमीटर. एवढ्या लांबीला डिशचा पृष्ठभाग अर्धा सेंटीमीटर जरी वाकडा झाला तरी फरक पडतो. वादळात एखादी पाकळी दबली की केबलवाला ती मागून हाताने रेटून सरळ करायचा. ती नेमकी जुन्या वळणात बसली नाही की चित्रात ठिणग्या उडायच्या. बारा फुटी डिशचा झोत जेमतेम दीड अंश रुंद, त्यामुळे खांब एक अंश हलला तरी काम बिघडतं. इथे काळी माती आडवी येते. डिशचा खांब जमिनीत रोवलेला असेल तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि खांब गुपचूप कलतो. मृगाचा पाऊस पडून गेला की चित्र खराब झालं, याचं कारण ढगांपेक्षा बऱ्याचदा पायात असायचं. जाणकार लोक खड्डा चार-पाच फूट खोल घेऊन, काळी माती पूर्ण काढून, मुरूम भरून मग काँक्रीट ओतत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिवसा काही मिनिटं सगळे चॅनल जायचे. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट डिशमध्ये भरतो. यावर उपाय नाही, वाट पाहायची. नवा माणूस अशा वेळी डिश हलवून बसायचा आणि मग दिवसभर शोधत राहायचा.

आता कोपऱ्यातल्या खुणेकडे येऊ. त्या काळात केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधून निघालेलं चित्र घरापर्यंत पोहोचताना त्याची काय गत होते हे ज्याने पाहिलं असेल, त्याला कुठला लोगो टिकेल हे आधीच सांगता येतं.

पॅल, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत, चित्राच्या उजेड-अंधाराच्या तपशिलाला ५ मेगाहर्ट्झच्या आसपास जागा असते, रंगाला त्याच्या चौथ्या हिश्शाइतकीच. म्हणून रंग नेहमी आकाराबाहेर सांडतो. लाल सगळ्यात जास्त. उपग्रहाचा सिग्नल कमजोर होऊन उंबरठ्यावर आला की काळ्या-पांढऱ्या ठिणग्या आधी गडद लाल-निळ्या भागातच दिसतात. म्हणजे झगझगीत लाल लोगो मुंबईच्या मॉनिटरवर कितीही देखणा वाटला तरी दोंडाईच्याच्या शेवटच्या गल्लीत तो तांबडा डाग होतो आणि त्यात मुंग्या फिरतात. मग तो वाचायचा कसा? पांढऱ्या किंवा फिकट अक्षराला भोवती गडद कड दिली की ते चिखलातूनही ओळखू येतं. ही साधी गोष्ट बरेच डिझाइनर फार उशिरा शिकले.

खूण ठेवायची कुठे हाही प्रश्न होता. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीत चित्राच्या चारही कडा चौकटीआड जायच्या. म्हणून ७२० बाय ५७६ च्या चित्रात अक्षरं चारही बाजूंनी दहा-दहा टक्के आत ठेवायचा नियम. म्हणजे बाजूने ७२ ठिपके, वरून सुमारे ५८ ओळी सोडायच्या. ज्यांनी हा नियम मोडला त्यांच्या नावाचं पहिलं नाहीतर शेवटचं अक्षर गावोगावच्या टीव्हीच्या चौकटीत गडप झालं.

आणि देवनागरी. इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठी चॅनलची खरी अडचण ही आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. समजा लोगोला उंचीत ५० ओळी मिळाल्या. रोमन मोठी अक्षरं त्या पन्नासही ओळी भरून उभी राहतात. 'झी मराठी' लिहायचं तर वर वेलांट्या आल्या. त्यांना आणि शिरोरेखेवरच्या मोकळ्या जागेला पाव-तृतीयांश उंची द्यावी लागते. उकार असला तर खालीही जागा हवी. अक्षराच्या अंगाला उरतात तीसेक ओळी. पॅलचं चित्र दोन फेऱ्यांत रंगतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. म्हणजे एका फेरीत अक्षराच्या वाट्याला पंधरा ओळी. त्या पंधरा ओळींत 'ठ'चा गोल मोकळा राहिला पाहिजे आणि 'म'ची गाठ बुजता कामा नये.

शिरोरेखा तर याहून अवघड. ती आडवी असते. जाडी एकाच ओळीची ठेवली तर ती फक्त एका फेरीत दिसते, दुसरीत नाही, आणि सेकंदाला पंचवीस वेळा लुकलुकते. तासभर मालिका बघितली की डोळ्यांना त्रास होतो आणि कशाने होतोय ते कळतही नाही. शिरोरेखा किमान दोन, खरं तर तीन-चार ओळी जाड हवी आणि तिच्या कडा किंचित विरलेल्या हव्यात. छापील जाहिरातीसाठी काढलेलं नाजूक अक्षर जसंच्या तसं पडद्यावर नेलं की हमखास हा घोळ होतो.

'ल' आणि 'श' यांचंही असंच. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात ही रूपं प्रमाण म्हणून सांगितली. पण प्रोमो बनतात त्या संगणकांवर बरेचदा हिंदी वळणाचे फॉन्ट असतात. मालिकेच्या नावात हिंदी वळणाचा ल आला की मराठी वाचणाऱ्याला तो लगेच खटकतो, का ते सांगता आलं नाही तरी. बाराखडी गिरवताना हाताला लागलेलं वळण डोळा विसरत नाही. मराठी चॅनलने इतर कशावर पैसा वाचवावा, पण अक्षरावर वाचवू नये असं माझं ठाम मत आहे.

अल्फा मराठी सुरू झालं १५ ऑगस्ट १९९९ ला. अल्फा बांगला, अल्फा पंजाबी, अल्फा गुजराती अशी भावंडंही त्याच सुमाराला आली. कल्पना अशी की झी हे हिंदी घर आणि भाषांची घरं वेगळी, त्यांचं आडनाव अल्फा. २००५ मध्ये हा विचार बदलला, सगळ्यांनी झीचं नाव लावलं आणि अल्फा मराठीचं झी मराठी झालं. धंद्याच्या हिशेबाने हे बरोबरच होतं. एक नाव रुजवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात दहा चॅनल उभे राहतात. जाहिरातदाराला एकच घर दिसतं, एका चॅनलवरच्या कार्यक्रमाचा मान दुसऱ्याच्याही पदरात पडतो.

पण लोकांच्या तोंडचं नाव असं बदलत नाही. लग्नात मुलीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात, तरी माहेरी तिला जुन्याच नावाने हाक मारतात. अल्फाचं तसंच झालं. पहिल्यांदा आपल्या भाषेत दिवसभर बोलणारा खासगी चॅनल घरात आला तो त्या नावाने. १९९९ ची 'आभाळमाया' त्याच नावाखाली पाहिली गेली, २००४ मध्ये पैठणी घेऊन दारात येणारा 'होम मिनिस्टर'ही तेव्हा अल्फाचाच होता. ईटीव्ही मराठीच्या बाबतीतही हेच. जुलै २००० मध्ये आलेला हा चॅनल मार्च २०१५ मध्ये कलर्स मराठी झाला, आणि त्यालाही बरीच वर्षं लोक ईटीव्हीच म्हणत राहिले.

कोपऱ्यातल्या खुणेपेक्षा खोल जाते ती कानातली खूण. संध्याकाळी सातनंतर कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या बाईचं तोंड चुलीकडे किंवा गॅसकडे असतं, टीव्हीकडे पाठ. तिला लोगो दिसतच नाही. तिला कळतं ते शीर्षकगीतावरून. 'आभाळमाया' आणि पुढे 'वादळवाट' यांच्या शीर्षकगीतांना अशोक पत्कींचं संगीत होतं. ती गाणी सुरू झाली की कुठला चॅनल आणि किती वाजले हे दोन्ही एकदम कळायचं. चॅनलची स्वतःची पाच-सात सेकंदांची धून असते, तिच्यावर मोठा खर्चही होतो. पण माझ्या मते मराठीत चॅनलची ओळख वाहून नेली ती शीर्षकगीतांनी. ती पूर्ण दीड मिनिट वाजायची. आता मालिकेच्या सुरुवातीला गाणं दहा-वीस सेकंदांत आवरतं घेतात, कधी फक्त नाव झळकतं. वाचलेला वेळ जाहिरातीला जातो हे खरं, पण पाठमोऱ्या बाईची खूण त्यात जाते.

आणि हे सगळं वीज असेल तर. भारनियमनाच्या वर्षांत खान्देशातल्या खेड्यांत संध्याकाळ हमखास हातची जायची. केबलचे अँप्लिफायर वाटेतल्या कुणाच्या तरी घरच्या विजेवर चालायचे, बदल्यात त्या घराला केबल फुकट. सोय चांगली, पण त्या घराच्या फीडरवर वीज गेली की त्याच्या पुढची सगळी गल्ली आंधळी व्हायची, मग पुढच्या गल्लीत वीज असली तरी. लोक चॅनलला दोष द्यायचे, 'झी गेलं' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी येणारं पुनःप्रक्षेपण हीच कित्येक घरांची मुख्य वेळ झाली. प्रोमोत मोठ्याने सांगितलेली रात्री आठची वेळ तिथे कुणाच्या कामाची नव्हती.

उन्हाचा त्रास वेगळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खांबावरच्या पत्र्याच्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त. अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कंडेन्सर अशा उष्णतेत वाळतो. दर १० अंशांनी त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. तो वाळला की पडद्यावर एक-दोन आडवे पट्टे सावकाश वर सरकताना दिसतात आणि त्यांच्याखालून जाताना लोगो वाकतो. बरेच जण अशा वेळी अख्खा अँप्लिफायर बदलत. खरं तर डबा उघडून, टोपी फुगलेला कंडेन्सर काढून त्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच व्होल्टचा नवा टाकला की काम होतं. आणखी एक अट, त्यावर ८५ नव्हे तर १०५ अंश छापलेलं हवं. आणि डब्याचं तोंड उत्तरेकडे करायचं. एवढं केलं की पुढचे दोन-तीन उन्हाळे निघतात.

नंबराची गोष्ट केबलच्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो, बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. घरात येणारी आरजी-६ वायर ५० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरमागे ५ डेसिबलच्या आसपास खाते, ४५० मेगाहर्ट्झला जवळजवळ १४. म्हणजे जो चॅनल खालच्या फ्रीक्वेन्सीवर बसवला तो शेवटच्या घरीही स्वच्छ दिसणार, वरचा तिथे पोहोचेपर्यंत मुंग्यांनी भरणार. त्यात जुन्या टीव्हीवर मोजकेच चॅनल साठवता यायचे, कुठे आठ, कुठे बारा. वरच्या पट्ट्यातलं तर कित्येक टीव्ही पकडायचेच नाहीत. म्हणून खालच्या पट्ट्याला 'प्राइम बँड' म्हणत आणि तिथे जागा मिळवायला चॅनलवाले केबलवाल्यांना पैसे मोजत. नाव कितीही मोठं असो, गावातल्या कंट्रोल रूममध्ये त्याला फ्रीक्वेन्सी देणारा मॉड्युलेटर कुठल्या नंबरला लावला यावर त्या गावातली त्याची पत ठरायची. प्रश्नात 'कितला नंबरवर' येतं ते म्हणूनच.

केबलचं चौथ्या टप्प्याचं डिजिटायझेशन मार्च २०१७ पर्यंत पूर्ण करायचं ठरलं, आणि खेड्यापाड्यांतही सेट-टॉप बॉक्स आले. मुंग्या गेल्या, नंबर तीन-चार आकडी झाले, एका प्रकारचे चॅनल एका ओळीत आले. चित्र एक तर स्वच्छ, नाहीतर थेट तुकड्या-तुकड्यांचं. लोगोचा नियमही बदलला. स्थिर लोगोला डिजिटल चित्रात जवळजवळ काही खर्च येत नाही, कारण मागच्या चित्रातून तो तसाच पुढे उचलला जातो. पण तो चमकवला, फिरवला, सणासाठी त्यावर दिवे लावले की चॅनलला सेकंदाला मिळणाऱ्या दोन-तीन मेगाबिटमधून त्याला वाटा द्यावा लागतो. तो वाटा माणसांच्या चेहऱ्यातून कापला जातो. गणपतीच्या दिवसांत लोगोभोवती नाचणारी फुलं आणि शेजारी चौकोन-चौकोन झालेला नायिकेचा गाल एकाच वेळी दिसतात ते यामुळे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये झीने पंचविशीच्या निमित्ताने खूण बदलली. झेड गोलात गेला. २०११ मध्येही रूप बदललं होतं, २०२५ मध्ये पुन्हा बदललं. मला तो २०१७ चा गोल एका वेगळ्या कारणाने फार उपयोगी वाटला. रुंद, १६:९ आकाराचे टीव्ही गावात आले तेव्हा बॉक्स जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारावर आणि टीव्ही 'फुल' वर, अशी जोडी घरोघर लागली. चित्र आडवं एकतृतीयांशाने ताणलं जायचं, सगळी माणसं जाड दिसायची, आणि चार दिवसांत डोळ्यांना त्याची सवय व्हायची. माणूस जाड आहे की ताणलेला हे सांगता येत नाही, पण गोल खोटं बोलत नाही. पट्टी घ्या, लोगोचा गोल आडवा आणि उभा मोजा. आडवा ४ सेंटीमीटर आणि उभा ३ भरला तर बॉक्सच्या मेन्यूत चित्राचा आकार १६:९ करायचा, टीव्हीचा 'फुल'च ठेवायचा. उलट, गोल उभट दिसला तर बॉक्स १६:९ वर आणि टीव्ही ४:३ वर अडकलाय. काळे पट्टे चारही बाजूंनी असतील तर दोघंही आपापल्या परीने चित्र आकसतायत, आधी टीव्हीचं सोडवा, मग बॉक्सचं. दोन मिनिटांचं काम, पण कित्येक घरांत माणसं वर्षानुवर्षं जाड राहिली.

२०१९ मध्ये नव्या नियमाने आणखी एक वळण आलं. प्रत्येक चॅनलची किंमत वेगळी लिहायची, पॅकमध्ये बसवायचा तर कमाल १९ रुपये, आणि कुठले हवेत ते ग्राहकाने सांगायचं. कित्येक घरांत पहिल्यांदाच चॅनलची नावं उच्चारून यादी करावी लागली. नंबर सांगून चालेना. फॉर्मवर 'झी' म्हटलं की केबलवाला विचारायचा, कुठलं? टीव्ही, मराठी, सिनेमा, टॉकीज, युवा? २००५ मध्ये सगळ्यांना एक आडनाव दिल्याचा फायदा आणि तोटा त्या यादीत एकत्र दिसला. आडनाव सगळ्यांच्या ओळखीचं, पण घरातलं कोण ते सांगावंच लागणार.

बोलीबद्दल एक सल आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१६-१७ च्या सुमारास झी मराठीच्या संध्याकाळी कोल्हापूर आलं, नागपूरकडची बोली आली, साताऱ्याचा गावगाडा आला, आणि घराघरात आवडला. त्यातून चॅनलचं रूप खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचं झालं. अहिराणीच्या वाट्याला तेवढी जागा आली नाही. ती आपली वाट स्वतः काढत गेली, आधी लोकल केबल चॅनलवर, मग यूट्यूबवर, लग्नाची गाणी आणि विनोदी फिती घेऊन. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी आज मोबाइलवर अहिराणी गाणी लावतात. टीव्हीवर मात्र त्यांना 'शे' ऐकू येत नाही.

खेड्यातला प्रेक्षक मोजणीत आला तो ऑक्टोबर २०१५ पासून. त्याआधी आकडे शहरांचेच. खेडी मोजल्यावर दिसलं की तिथे सगळ्यात जास्त पाहिले जाणारे चॅनल दूरदर्शनच्या फुकट डिशवरचे आहेत, झी अनमोलसारखे, जुन्या मालिका नव्याने दाखवणारे. मग ओढाताण सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी असे चॅनल फ्री डिशवरून काढले, २०२० मध्ये परत आणले, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढले. प्रत्येक वेळी खोपीतल्या टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला वाटायचं की आपलीच डिश हलली.

केळीच्या बागेतल्या खोपीवर हीच डिश असते. साठेक सेंटीमीटरची, जीसॅट-१५ कडे, ९३.५ अंश पूर्व. खान्देशातून उत्तरेपासून १३८ अंश, उंची ५८. एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली ही ऑफसेट डिश, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते, म्हणून नवखा माणूस तिला आकाशाकडे जास्तच उताणी करतो आणि सिग्नल घालवतो. चॅनल गेला तर आधी डिशला हात लावू नये. रिमोटवर मेन्यू, इन्स्टॉलेशन, उपग्रह जीसॅट-१५, एलएनबी ९७५०-१०६००, मग ऑटो स्कॅन. चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचा, एमपीईजी-२ चा बॉक्स असेल तर नव्या पद्धतीचे चॅनल त्यात येणारच नाहीत, कितीही वेळा स्कॅन केलं तरी. सिग्नलची पट्टी हिरवी आणि तरी चॅनल नाही, म्हणजे डिश ठीक आहे, चॅनलच गेलाय.

राखणीला आलेली म्हातारी तिथेही तोच प्रश्न विचारते. झी मराठी पैशाचा चॅनल, फ्री डिशवर नसतो. स्कॅन संपायची वाट बघत नातू सांगतो, "आठे अल्फा नही येत माय. सह्याद्री लावू का?"